आठपट यान

जेवणाच्या टेबलावर, मिठाच्या बरणीशेजारी, एक अवकाशयान उभं होतं. वीतभर उंचीचं, पांढऱ्या कागदाचं. डोक्यावर बशीएवढी वाटोळी अँटेना, तिच्या खाली दहा बाजूंचा डबा, आणि डब्याच्या एका अंगाने निघालेली हातभर लांब बारीक दांडी. दूरच्या एका कडीवाल्या ग्रहाकडे गेलेल्या खऱ्या यानाची ही प्रतिकृती बाईंनी संगणकावरून नऊ पानांवर छापून घेतली होती आणि दोन रविवार कात्री चालवून उभी केली होती. शाळेतल्या मुलींनाही ती जमावी म्हणून प्रत्येक कडेला स्वतःच्या मुंगीएवढ्या अक्षरात 'इथे दुमडा', 'इथे चिकटवा' असं लिहिलंही होतं.

बाई मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत. त्यांचे यजमान बांधकाम परवानगीच्या कार्यालयात नकाशे तपासत. कार्यालयात त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'इंचपट्टी'. एका डॉक्टरांचा अख्खा जिना त्यांनी एका इंचासाठी परत पाठवला होता आणि डॉक्टर आजही पेशंटांना शिडीने वर घेतात, असं लोक सांगत. त्यात अतिशयोक्ती होती. पेशंट शिडीने जात नसत, फक्त डॉक्टर जात.

शाळेत विज्ञानप्रदर्शन होतं आणि त्याला शिक्षणाधिकारी येणार होते. बाईंच्या दृष्टीने प्रदर्शनापेक्षा अधिकारी महत्त्वाचे होते, कारण शाळेला प्रयोगशाळा नव्हती. सगळी उपकरणं शिक्षकांच्या खोलीतल्या एका कपाटात, हजेरीच्या जुन्या वह्यांमागे होती. एखादं भिंग काढायचं तर आधी तीन वर्षांची हजेरी बाहेर काढावी लागे. बाई सहा वर्षं खोलीसाठी अर्ज करत होत्या आणि सहा वर्षं त्यावर 'योग्य वेळी विचार करण्यात येईल' असं उत्तर येत होतं. अधिकारी हॉलमध्ये पाच मिनिटं थांबले तर योग्य वेळ आणता आली असती. पण त्यांना थांबवणार कोण? वीतभर यान?

मुख्याध्यापिकांनी फोनवर नेमकं हेच विचारलं. बाई काही बोलायच्या आत साहेबांनी फोन हातात घेतला.

"चारपट करून देतो," ते म्हणाले. "स्केल म्हणजे आमचं रोजचंच काम."

मुख्याध्यापिकांनी त्याच दुपारी निमंत्रणपत्रिका छापायला टाकली आणि तीत 'भव्य प्रतिकृती' असे शब्द घातले. छापलेला शब्द मागे घेता येत नाही, हे ज्याला कळतं तो माणूस फोनवर कमी बोलतो. साहेबांना ते कळत नव्हतं असं नाही. फोन ठेवल्यावर कळलं, एवढंच.

बाई शांतपणे म्हणाल्या, की चारपट यान म्हणजे सोळापट कागद. साहेब म्हणाले, माहीत आहे. ज्या सुरात माणूस नुकतीच कळलेली गोष्ट 'माहीत आहे' म्हणतो, त्या सुरात. लांबी चारपट आणि रुंदी चारपट, तर क्षेत्रफळ सोळापट, हे त्यांनी नवख्या आर्किटेक्टांना शेकडो वेळा दरडावून सांगितलं होतं. पण दुसऱ्याच्या बाल्कनीचं क्षेत्रफळ आणि आपल्या घरातलं क्षेत्रफळ यांत फरक असतो. मग बाईंनी विचारलं, की कागदाची जाडी कोण चारपट करणार? साहेब म्हणाले, "बघू." सरकारी भाषेत 'बघू' हे पूर्ण वाक्य आहे.

कार्यालयात रोलवर नकाशे छापायचं मोठं मशीन होतं. त्यावर हे काम चुटकीसरशी झालं असतं. पण त्या मशीनवर खाजगी काम करण्यास सक्त मनाई असल्याचं परिपत्रक होतं, आणि ते साहेबांनीच काढलेलं होतं. मशीनवरच्या कारकुनाने पूर्वी एकदा भाचीच्या वाढदिवसाचा फलक छापायची परवानगी मागितली होती, त्यावर साहेबांनी तोंडी नकार न देता हे आठ ओळींचं परिपत्रक दिलं होतं. कारकुनाने त्याला काच लावून ते मशीनच्या वर टांगलं होतं. साहेब बगलेत नऊ पानं घेऊन तिथवर गेले, स्वतःची सही वाचली, मशीन नीट चालतंय ना अशी चौकशी केली आणि परत आले. कारकून म्हणाला, मशीन उत्तम आहे, फक्त कामाला फार उपाशी आहे.

राहिलं झेरॉक्सचं दुकान. दुकानाच्या मालकाने सांगितलं, की त्याचं मोठं मशीन दोनशे टक्क्यांच्या पुढे जात नाही, पण त्यात घाबरण्यासारखं काही नाही. एकदा दोनशे टक्के करायचं आणि जे येईल ते पुन्हा दोनशे टक्के करायचं, झालं चारपट. हिशेब बिनचूक होता. मालकाने पहिल्या दोन पानांचे तुकडे दोनदा वाढवले आणि मेहुण्याला बसवून तो जेवायला गेला. मेहुणा कामसू होता. सगळा घोटाळा तिथेच झाला, कारण आळशी माणसाच्या हातून एवढं नुकसान कधी होत नाही. त्याने मालकाने आधीच दोनदा वाढवलेले ते कागद पुन्हा मशीनमध्ये घातले आणि मग उरलेली सात पानं शिस्तीत दोनदा वाढवली. सगळ्याच्या गुंडाळ्या करून, रबर लावून, वर 'काम पूर्ण' असं लिहून ठेवलं.

ती पहिली दोन पानं अँटेनाची होती.

साहेबांनी अँटेनापासूनच सुरुवात केली, कारण ती सर्वांत अवघड. कलिंगडाच्या फाकांसारखे सोळा तुकडे एकमेकांना जोडत जायचे आणि शेवटचा पहिल्याला भिडवायचा. तीन संध्याकाळी ते कोणाशी न बोलता काम करत राहिले. अँटेना वाढत गेली. प्रथम तिने चहाचं टेबल व्यापलं, मग तिच्यासाठी खुर्च्या भिंतीला लावल्या, मग दिवाणखान्यात यायचं तर कडेकडेने यावं लागू लागलं. साहेबांना ती जरा मोठी वाटली, पण 'भव्य' म्हटल्यावर असं वाटायचंच. तिसऱ्या संध्याकाळी सोळावी फाक पहिलीला अशी भिडली, की जोड कुठे आहे ते दिसेना. साहेबांनी बाईंना बोलावून जोड शोधायला सांगितला. बाईंना सापडला नाही. लग्नानंतर बाईंना न सापडलेली ही पहिलीच चूक, असं साहेबांच्या मनात आलं.

मग त्यांनी डब्याची एक बाजू कापून शेजारी ठेवली. ते दृश्य परातीखाली चहाचा कप ठेवल्यासारखं दिसलं.

साहेबांनी टेप काढली. लहान यानाची बशी पंधरा सेंटिमीटरची होती, म्हणजे अँटेना साठची हवी. ती एकशे वीस होती. त्यांनी दुसऱ्या बाजूने मोजलं. वर्तुळ असल्यामुळे तिकडूनही एकशे वीसच भरलं.

बाई म्हणाल्या, सोपं आहे, दोन पानं पुन्हा वाढवून आणू. खरंच सोपं होतं. पण साहेबांनी त्या न दिसणाऱ्या जोडाकडे पाहिलं. त्यांच्या कार्यालयात एखादा भाग मंजुरीपेक्षा मोठा निघाला, तर दोनच मार्ग असतात. एक तर भाग पाडायचा, नाहीतर नकाशा सुधारायचा. आजवर प्रत्येक माणसाला त्यांनी पाडायला लावलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी नकाशा सुधारला. अँटेना आठपट आहे, तर सगळं यान आठपट करायचं.

"चौसष्टपट कागद," बाई म्हणाल्या, आणि उत्तरपत्रिका तपासायला आतल्या खोलीत गेल्या. पुढचे दोन दिवस त्या घरात जे काही बोलल्या ते उत्तरपत्रिकांशी बोलल्या. "मूर्खपणा" हा शब्द दोनदा ऐकू आला. तो कोणत्या मुलीला उद्देशून होता हे विचारण्याची साहेबांची हिंमत झाली नाही.

कागद आला. मेहुण्याने या वेळी तीनदा मोजून तीनदा वाढवला आणि आता एक नवीच अडचण उभी राहिली. मूळ पानावरची केसासारखी रेषा आठपट होऊन पेन्सिलीएवढी जाड झाली होती. कापायचं ते रेषेच्या आतून, बाहेरून की मधून? साहेबांच्या खात्यात माप बाहेरून बाहेर घेतात. साहेबांनी रेषा ठेवून कापलं. बाई दोन दिवसांनी उत्तरपत्रिका संपवून मदतीला आल्या, त्यांनी रेषा काढून कापलं, कारण रेषा म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूची सीमा, असं त्या आठवीला शिकवत. डब्याच्या दहा बाजूंपैकी पाच त्यांनी कापल्या, पाच साहेबांनी. दोघांनीही आपापलं तत्त्व पाळलं आणि दोघांनीही दुसऱ्याला विचारलं नाही. असं करूनही संसार चालतो, पण डबा बंद होत नाही. दहा बाजू गोल फिरवून आणल्या तर शेवटी एक फट राहिली.

नेमके त्याच वेळी समोरच्या घरातले विमाएजंट दारात आले. ते रोज या सुमारास पेपर परत द्यायला येत आणि दुसऱ्या कशासाठी तरी थांबत. फटीला डोळा लावून त्यांनी आत पाहिलं, मग खिशातली छोटी टेप काढली.

"साहेब," ते हळूच म्हणाले, "दीड इंच."

एवढंच बोलून ते गेले. माणसाच्या आयुष्यात काही सुखं अशी असतात, की ती लांबवून खराब करू नयेत, हे त्यांना कळत होतं. मात्र दहा मिनिटांत सगळ्या इमारतीला दीड इंच कळला होता.

साहेबांनी फटीवर कागदाची पट्टी लावली आणि ती चूक नसून विस्तारासाठी मुद्दाम ठेवलेला सांधा आहे, असं जाहीर केलं. पूल बांधताना असा सांधा ठेवतात. यान काही उन्हात प्रसरण पावणार नव्हतं, पण पावलंच तर सोय झालेली होती.

बाईंचा जाडीचा प्रश्न आता डोकं वर काढू लागला. कागद चौसष्टपट आणि जाडी होती तेवढीच. डबा उभा केला की गुडघ्यात वाकायचा आणि हळूहळू जमिनीवर बसायचा, एखाद्या दमलेल्या पाहुण्यासारखा. विमाएजंट दुसऱ्या दिवशी पेपर न घेताच आले. त्यांनी सल्ला दिला, की आतून फ्रिजच्या खोक्यांचा पुठ्ठा लावा. शिवाय यानाचा विमा काढा. तो घरसामान या सदरात बसतो की वाहन या सदरात, हे मात्र त्यांना वरती विचारावं लागणार होतं. पुठ्ठ्याचा सल्ला चांगला निघाला. उपकरणांच्या दुकानातून सात खोकी आली. आतून पुठ्ठा लावल्यावर डबा ताठ उभा राहिला आणि इतका जड झाला, की एकट्याला हलेना.

पुठ्ठा लावलेली अँटेना सुकायला जागा हवी होती. ती साहेबांनी बाल्कनीत ठेवली, तोंड बाहेर करून, कठड्याला दोरीने बांधून.

खालच्या मजल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी राहत. त्यांनी तीन वर्षांपूर्वी आपली बाल्कनी खिडक्या लावून बंद करायचा नकाशा दिला होता आणि साहेबांनी तो दोन इंच पुढे येतो म्हणून नामंजूर केला होता. सेक्रेटरी मग साहेबांच्या वरिष्ठांकडे गेले होते, तिथे तो मंजूर झाला होता. तेव्हापासून जिन्यात भेट झाली, की दोघं एकमेकांना फार अदबीने वाट देत. इतकी, की कोणीच पुढे जात नसे. सेक्रेटरींनी सकाळी खिडकीतून मान वर केली आणि आपल्या डोक्यावर चार फुटांची पांढरी तबकडी पाहिली. त्यांनी आनंदाने चष्मा पुसला आणि तक्रार लिहायला बसले.

पाहणीला साहेबांच्याच हाताखालचा ज्युनिअर आला. त्याने बूट बाहेर काढले, चहा नको म्हणाला, खाली मान घालून अँटेना मोजली आणि जाताना नोटिशीचं पाकीट टेबलावर ठेवून गेला. 'आपण आपल्या सदनिकेच्या सज्जात विनापरवाना तबकडीच्या आकाराचे बांधकाम उभारल्याचे निदर्शनास आले असून…' साहेबांनी सवयीने लाल पेन काढलं आणि शेवटपर्यंत वाचलं. एकही चूक नव्हती. मसुदा त्यांचाच होता, शब्द न् शब्द. क्षणभर त्यांचा ऊर अभिमानाने भरून आला. मग वरती कोणाचं नाव आहे ते पुन्हा दिसलं.

त्यांनी खुलासा पाठवला, की सदर वस्तू कागदाची असून बांधकाम नव्हे. ज्युनिअरने अत्यंत आदरपूर्वक त्यांच्याच एका परिपत्रकाकडे लक्ष वेधलं. सज्जात एक मीटरपेक्षा मोठं काहीही उभं केल्यास ते बांधकामच, 'साहित्य कोणतेही असो'. हे शेवटचे तीन शब्द साहेबांनी एका ताडपत्रीवाल्याला पकडण्यासाठी घातले होते आणि त्या दिवशी त्यांना स्वतःच्या भाषेचं कौतुक वाटलं होतं.

तेव्हा तात्पुरत्या परवानगीचा अर्ज करणं आलं. अर्जात मजल्यांची संख्या विचारली होती. साहेबांनी 'एक' लिहिलं. वापराचं प्रयोजन, 'शैक्षणिक'. शौचालयाची सोय, 'लागू नाही'. अर्ज परत आला, कारण 'लागू नाही' असा पर्यायच नव्हता. त्यांनी 'नाही' लिहिलं. पुन्हा परत आला, कारण शौचालय नसलेल्या शैक्षणिक बांधकामाला परवानगी देता येत नाही. शेवटी 'शाळेत उपलब्ध' असं लिहिल्यावर तो टेबलावरून पुढे सरकला आणि पुढच्या टेबलावर अडला. नकाशा कुठे आहे? वस्तूचा प्रमाणबद्ध नकाशा, तीन बाजूंनी.

साहेब संध्याकाळी टेबलाशी बसले आणि यानाची मापं घेऊन त्यांनी एकास आठ या प्रमाणात सुबक नकाशा काढला. हात त्यांचा फार चांगला होता. बाई चहा घेऊन आल्या. त्यांनी नकाशा पाहिला, मग मिठाच्या बरणीशेजारचं वीतभर यान उचलून त्यावर आडवं ठेवलं. ते तंतोतंत बसलं. रेषेला रेषा लागली. बाई काहीही बोलल्या नाहीत, आणि उत्तरपत्रिकाही संपलेल्या होत्या, त्यामुळे त्या गप्प बसण्याला पळवाट राहिली नाही.

परवानगी मिळाली. सात दिवसांची, या अटीवर, की सदर बांधकामात कोणीही वास्तव्य करू नये.

प्रदर्शनाच्या सकाळी टेम्पो आला. अँटेना उभी करून दारातून सहज बाहेर गेली. बारा फुटांची दांडी तीन तुकड्यांत होती, तीही गेली. राहिला डबा. कुठूनही मोजला तरी अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटरचा, आणि उंच त्याहूनही जास्त. साहेब निश्चिंत होते. इमारतीचा मंजूर नकाशा त्यांच्या पिशवीत होता आणि त्यात दरवाजा नव्वदचा होता. दोन सेंटिमीटर मोकळी जागा. त्यांनी आणि टेम्पोवाल्याने डबा उचलला, चौकटीपाशी नेला, आणि तो चौकटीत बुचासारखा बसला. पुढे जाईना. टेम्पोवाला बाहेर, साहेब आत.

"साहेब, दार मोजलं होतंत का?" डब्यापलीकडून टेम्पोवाल्याने विचारलं.

"नकाशात नव्वद आहे."

"नकाशातून काढायचंय का?"

टेप लावली. दार शहाऐंशीचं होतं. बिल्डरने चार सेंटिमीटर खाल्ले होते, आणि बहुधा प्रत्येक घरात. बाईंनी पिशवीतून नकाशा काढून उलगडला. खालच्या कोपऱ्यात शिक्का होता, 'प्रत्यक्ष पाहणी केली, सर्व मापे बरोबर', आणि त्याखाली साहेबांची सही.

"प्रत्यक्ष पाहणी केली होती?" बाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले, त्या दिवशी फायली फार होत्या. हे वाक्य त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं आणि प्रत्येक वेळी त्यांनी ते फेटाळलं होतं. बाईंनी नकाशाची घडी घातली आणि तो परत पिशवीत ठेवला. त्यांनी एखादा शब्द बोलायला हवा होता, असं साहेबांना वाटलं. निदान ओरडायला तरी.

आता बाल्कनीशिवाय वाट नव्हती. तिचं दार दोन झडपांचं होतं, त्यातून डबा गेला. डब्याला दोन चादरी गुंडाळल्या, दोऱ्या बांधल्या. वर साहेब आणि विमाएजंट, खाली टेम्पोवाला. इमारतीतली सगळी माणसं ज्याच्या त्याच्या बाल्कनीत येऊन उभी राहिली. प्रत्येकाचा सल्ला वेगळा होता आणि प्रत्येकजण तो मोठ्याने देत होता. डबा कठड्यावरून गेला, दोन हात खाली उतरला आणि थांबला. सेक्रेटरींच्या बंद बाल्कनीची कड बाहेर आली होती, तिच्यावर तो तिरका टेकला.

खिडकी उघडली. सेक्रेटरींनी मान बाहेर काढली आणि काय अडकलं आहे, अशी चौकशी केली. साहेब वरून म्हणाले, की त्यांचा सज्जा दोन इंच पुढे आलेला आहे. सेक्रेटरी म्हणाले, की असं होणं शक्य नाही, सज्जा मंजूर नकाशाप्रमाणे आहे आणि त्यावर साहेबांच्याच वरिष्ठांची सही आहे. यान हवेत आणि दोन शासकीय दस्तऐवजांच्या मध्ये लटकत होतं.

बाई खाली गेल्या आणि त्यांनी सेक्रेटरींची बेल वाजवली. प्रयोगशाळेबद्दल त्या सगळं बोलल्या. सहा अर्ज, हजेरीच्या वह्या, भिंग, आज येणारे अधिकारी. वरून साहेबांना उघड्या खिडकीतून शब्द न् शब्द ऐकू येत होता. एवढं सगळं बाई घरी कधी बोलल्या नव्हत्या. किंवा बोलल्या असतील आणि आपण नकाशा बघत असू, असं त्यांना वाटलं. सेक्रेटरी दुष्ट नव्हते. ते म्हणाले, झाडूने ढकललं तर डबा सुटेल आणि ढकलायला आपली काहीच हरकत नाही. फक्त साहेबांनी सगळ्यांसमोर एकदा म्हणावं, की दोन इंच नाहीत.

साहेबांच्या हातात दोरी होती आणि ती तळव्यात रुतत होती. वरखाली, आजूबाजूला सगळ्या बाल्कन्या कठड्यांवरून पुढे झुकल्या. इंचपट्टीच्या तोंडून दोन इंच कमी होताना ऐकायचे होते सगळ्यांना.

"मोजल्याशिवाय कसं सांगणार?" साहेब म्हणाले.

दोरी वीतभर सरकली. विमाएजंट म्हणाले, त्यांच्या मनगटाला आता फार वेळ जमणार नाही, आणि त्यांनी यानाचा विमा काढायला सांगितलं होतं.

खालच्या खिडकीतून बाईंनी वर पाहिलं.

"नाहीत," साहेब म्हणाले.

"काय नाहीत?" सेक्रेटरींनी विचारलं. त्यांना नोंद पूर्ण हवी होती.

"दोन इंच नाहीत. सज्जा बरोबर आहे."

झाडू बाहेर आला, डबा सुटला आणि टेम्पोवाल्याच्या मिठीत सावकाश उतरला. साहेबांनी दोरी सोडली. हातावर लाल वळ उठले होते. नकाशावरची ती एक सही सोडली, तर आयुष्यात प्रथमच ते मोजमापाबद्दल खोटं बोलले होते, आणि आश्चर्य म्हणजे त्यांना भूक लागली होती.

शाळेच्या हॉलमध्ये जोडणी झाली. पुरुषभर उंच यान बरोबर मधोमध उभं राहिलं, दांडी बारा फूट पसरली आणि टोकाला जरा खाली झुकली. दुरून ते खरोखर भव्य दिसत होतं. जवळून मात्र एक गोष्ट दिसे, जी आतापर्यंत कामाच्या धांदलीत कोणाच्याच लक्षात आली नव्हती. बाईंची मुंगीएवढी अक्षरंही आठपट झाली होती. डब्यावर, अँटेनाच्या कडांवर, सगळीकडे बोटाएवढ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'इथे चिकटवा'.

अधिकारी आले. फीत कापली. हॉलमधून दोन मिनिटांत बाहेर पडायच्या तयारीने ते चालू लागले आणि अँटेनापाशी थबकले. "इथे चिकटवा," त्यांनी वाचलं. पुढे गेले. "इथे दुमडा." मुख्याध्यापिकांनी डोळे मिटून घेतले. अधिकाऱ्यांनी यानाला पूर्ण प्रदक्षिणा घातली, सगळ्या सूचना वाचल्या आणि विचारलं, की ही दांडी अशी झुकली का आहे?

साहेब काही सांगायला पुढे झाले होते, पण बाई आधी बोलल्या. त्या म्हणाल्या, की लहान यानाची दांडी सरळ राहते, मोठ्याची झुकते. आठपट केलं की वजन भराभर वाढतं, ताकद तेवढी वाढत नाही. म्हणून मुंगीचे पाय काड्यांसारखे असतात आणि हत्तीचे खांबांसारखे. मग त्यांनी लहान यान शेजारी ठेवून दाखवलं. मुली पुढे सरकल्या, एकीने विचारलं, मग हत्तीएवढी मुंगी उभी तरी राहील का? बाईंनी तिलाच उत्तर शोधायला लावलं. अधिकाऱ्यांनी खुर्ची मागवली आणि ते बसले. अर्धा तास बसले. साहेब खांबाआड उभे राहून ऐकत होते. जाडी कोण वाढवणार, या प्रश्नाचं उत्तर त्यांनी इतक्या दिवसांत प्रथमच नीट ऐकून घेतलं.

खोली त्या दिवशी मंजूर झाली, पण बाईंच्या समजावण्यामुळे झाली असं मात्र म्हणता येणार नाही. निघताना अधिकाऱ्यांनी विचारलं, प्रदर्शनानंतर हे ठेवणार कुठे? मुख्याध्यापिका म्हणाल्या, जागा नाही, मोडून टाकावं लागेल. अधिकाऱ्यांचा चेहरा बदलला. त्यांच्या हस्ते उद्घाटन झालेली वस्तू डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे कायम मालमत्तेच्या नोंदवहीत, चढते, आणि तिथे चढलेली वस्तू कोणालाही मोडता येत नाही. ती ठेवायला जागा देणं खात्यावर बंधनकारक आहे. मुलींसाठी सहा वर्षं जी खोली मिळाली नव्हती, ती कागदाच्या यानासाठी उभ्या उभ्या मिळाली. अधिकाऱ्यांनी तिथेच शेरा लिहिला आणि मुलींनी तिचा वापर करण्यास हरकत नसावी, अशी पुस्तीही जोडली.

गाडी गेली. बाई साहेबांच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी साहेबांचे हात उलटे करून वळ पाहिले आणि म्हणाल्या, "घरी गेल्यावर मलम लावू." एवढ्यावर सगळं मिटलं, असं साहेब समजले, आणि ते बरोबर होतं.

तेवढ्यात मुख्याध्यापिका लगबगीने आल्या. त्यांच्या अंगात उत्साह संचारला होता. पुढच्या वर्षी यानाशेजारी तो कडीवाला ग्रहही टांगायचा, त्या म्हणाल्या, आणि अगदी याच प्रमाणात, कारण स्केल बिघडलं की सगळी मजा जाते.

साहेबांनी खिशातून परवानगीचा कागद काढला आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आकडे मांडले. पुन्हा मांडले.

"याच प्रमाणात केला," ते म्हणाले, "तर पृथ्वी लहान पडेल."

मुख्याध्यापिकांनी क्षणभर विचार केला. "मग थोडा लहान करा."

"थोडा म्हणजे किती?" साहेबांनी पेन पुन्हा कागदावर टेकवलं.

बाईंनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं, टोपण लावलं, आपल्या पर्समध्ये टाकलं आणि पर्सची चेन ओढली.